कर्वे रोडवर न भेटलेले कर्वे

इंजिनिअरिंगची चार वर्षं मी पुण्यात कर्वेनगरला कॉटबेसिसवर काढली. रोज कर्वे रोडवरून जा-ये. पण कर्वे म्हणजे महर्षी, एवढंच डोक्यात. त्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव (जन्म १८८२) मला भेटले ते इकडे कनेक्टिकटला आल्यावर, अमोल पालेकरांचा ‘ध्यासपर्व’ सिनेमा बघताना. मग वाचतच गेलो.

रघुनाथराव मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. भारतातलं पहिलं! त्याच वर्षी मेरी स्टोप्सबाईंनी लंडनमध्ये दवाखाना उघडला. त्याआधी, १९१६ मध्ये, मार्गारेट सँगरबाईंनी ब्रुकलिनमध्ये उघडला होता, तो पोलिसांनी काही दिवसांतच बंद पाडला. आपल्याकडे पोलीस आले नाहीत, पण कॉलेजने हे काम किंवा नोकरी यांतलं एक निवडायला लावलं. १९२५ मध्ये नोकरी गेली. विचार करा मंडळी, आपला प्रोजेक्ट संपला तर आठवडाभर झोप उडते!

मालतीबाई ठामपणे पाठीशी होत्या. दोघांनी विचारपूर्वक मूल होऊ दिलं नाही. १९२७ च्या जुलैत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं. वाचकांच्या खाजगी प्रश्नांना त्यात सरळ उत्तरं असत. बाईलाही शरीरसुखाचा हक्क आहे, हे ते त्या काळात छापत होते. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मध्ये तर बचावाला खुद्द डॉ. आंबेडकर उभे राहिले, तरी दंड झालाच.

आंबेडकर मात्र तिथे थांबले नाहीत. १९३८ मध्ये त्यांच्या पक्षाचे रोहम यांनी मुंबई विधिमंडळात ठराव मांडला, की संततिनियमनाची सोय सरकारने करावी. तो आपटला. म्हैसूर संस्थानाने मात्र १९३० मध्येच सरकारी केंद्रं काढली होती. पुढे १९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजन हाती घेतलं, तेही जगात सर्वांत आधी. इकडे माझ्या कनेक्टिकटमध्ये नवरा-बायकोने गर्भनिरोधक वापरणं हाच गुन्हा होता! १८७९ चा तो कायदा सुप्रीम कोर्टाने रद्द केला १९६५ साली.

एक गोष्ट मला खटकते. सरकारला आकडा कमी करायचा होता, रघुनाथरावांना बाईची सुटका हवी होती. योजना त्यांची म्हणावी तर हा मुद्दाच गळला. १९७५-७७ च्या आणीबाणीत नसबंदीची सक्ती झाली, ती त्यांना मुळीच पटली नसती, असं मला वाटतं.

मासिक त्यांनी पदरमोड करून २६ वर्षं चालवलं. १४ ऑक्टोबर १९५३ ला ते गेले. शेवटचा अंक त्यानंतर नोव्हेंबरात निघाला. महर्षी तेव्हा ९५ वर्षांचे होते.