टेंभूचे आगरकर आणि मास्तरांनी मतावर चालवलेलं कॉलेज

टेंभू म्हटलं की शेतकऱ्याला आधी आठवते ती उपसा सिंचन योजना. कराड तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या याच गावात १४ जुलै १८५६ रोजी गोपाळ गणेश आगरकर जन्मले. घरची परिस्थिती हलाखीची. कराड, रत्नागिरी, अकोला असं जिथं सोय लागेल तिथं राहून ते शिकले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पोचले. तिथं टिळकांशी दोस्ती जमली. एम.ए. झालेल्या माणसाला तेव्हा सरकारी नोकरी अवघड नव्हती. पण आगरकरांनी आईला पत्रानं कळवून टाकलं, की मोठ्या पगाराची आशा धरू नकोस.

१८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात दोघे मित्र १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात एकत्र राहिले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन कॉलेज उभं राहिलं. नाव गव्हर्नरचं, पण रोजचा कारभार शिकवणाऱ्यांच्याच हाती. वीस वर्षं तुटपुंज्या पगारावर शिकवायचं वचन देणारा तो आजीव सदस्य. प्रत्येकाला एक मत. आपल्या विकास सोसायटीत शेअर कितीही असोत, मत एकच, तसंच. प्राचार्यसुद्धा त्यांच्यातलाच एक. संस्थेचे प्रश्न बैठकीत मांडायचे, भांडायचं आणि बहुमतानं ठरवायचं.

भांडण झालंही, आणि ते या दोन मित्रांतच. टिळकांचं म्हणणं, आजीव सदस्यानं सगळा वेळ संस्थेला द्यावा, बाहेरची कमाई करू नये. आगरकरांचं म्हणणं, संसार वाढतो तसा पगारही थोडा वाढावा, आणि शिकवून उरलेला वेळ ज्याचा त्याचा. खरं तर दोघांच्याही बोलण्यात दम होता. त्यात समाजसुधारणेचा वाद मिसळला. आगरकरांनी केसरी सोडला आणि १८८८ मध्ये सुधारक काढला. होळकरांकडून मिळालेल्या देणगीवरूनही तंटा झाला. बैठकीत बहुमत टिळकांच्या बाजूनं राहिलं नाही. १८९० मध्ये त्यांनी राजीनामा दिला. गणित शिकवणारा एवढा तगडा माणूस गेला, कॉलेजचं नुकसानच झालं. पण निर्णय बैठकीचा होता आणि संस्था फुटली नाही.

१८९२ मध्ये प्राचार्य वामन शिवराम आपटे वारले आणि आगरकर प्राचार्य झाले. दम्यानं शरीर पोखरलेलं. बाहेर सनातन्यांनी जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढलेली. तरी शिकवणं आणि लिहिणं दोन्ही चालू ठेवलं. १७ जून १८९५ रोजी ते गेले, वय अवघं ३८. अंत्यविधीचे पैसे त्यांनी आधीच पुरचुंडीत बांधून ठेवले होते, असं सांगतात. केसरीत त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला तो टिळकांनीच.