चरित्रकार शिष्य असतो तेव्हा

थोर माणसाचे चरित्र लिहिणाऱ्याला दोन मोह आवरावे लागतात. एक, नायकाला देव्हाऱ्यात बसवण्याचा. दुसरा, त्याचे वकीलपत्र घेण्याचा. न. चिं. केळकरांनी लोकमान्य टिळकांचे तीन खंडांचे चरित्र लिहिले. त्यातला पहिला खंड १९२३ मध्ये आला आणि उरलेले दोन १९२८ मध्ये. त्यांनी पहिला मोह बराचसा आवरला. दुसरा मात्र पुरता आवरला नाही. त्यात नवल नाही. केळकर मुळात वकीलच. साताऱ्याची वकिली सोडून १८९६ मध्ये ते पुण्यास टिळकांकडे आले आणि टिळकांच्या अखेरपर्यंत त्यांच्या कामात राहिले. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या दोन्ही पत्रांची धुरा त्यांनी वाहिली. १९१९ मध्ये होमरूलच्या शिष्टमंडळातून विलायतेलाही गेले.

या निकट सहवासाचा मोठा लाभ खटल्यांच्या हकिगतीत होतो. टिळकांचे निम्मे आयुष्य कोर्टकचेऱ्यांत गेले. १८८२ मध्ये कोल्हापूरच्या बर्वे प्रकरणात आगरकरांसह डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस, १८९७ मध्ये राजद्रोहाबद्दल दीड वर्षाची सक्तमजुरी, १९०८ मध्ये सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा. १८९७ साली ज्या दावरांनी बॅरिस्टर म्हणून टिळकांच्या जामिनासाठी वकिली केली, तेच १९०८ साली न्यायासनावर होते. नियतीचा असा खेळ कादंबरीत घातला तर वाचक विश्वास ठेवणार नाही.

ताईमहाराज प्रकरण मात्र आजचा वाचक पाने उलटून टाळतो. तसे करू नये. मित्राच्या मृत्युपत्राने गळ्यात पडलेली ही विश्वस्तकी. दत्तकाच्या वादात टिळकांवरच खोट्या साक्षीचा आळ आला, १९०३ मध्ये शिक्षा झाली, १९०४ मध्ये हायकोर्टाने ती रद्द केली आणि प्रिव्ही कौन्सिलचा अनुकूल निकाल यायला १९१५ उजाडले. बँकेत विश्वस्तांची खाती हाताळलेल्या माझ्यासारख्याला टिळकांचा हट्ट इथे नेमका कळतो. मित्राचा शब्द आणि स्वतःची अब्रू, एवढ्याचसाठी हा माणूस चौदा वर्षे झगडला.

पण वकिलाची सवय जिथे आड येते, ती ठिकाणेही पाहायला हवीत. पहिले आगरकरांचे. तुरुंगात शेजारी झोपलेले हे दोन मित्र पाच-सहा वर्षांत दुरावले. आगरकरांनी १८८७ मध्ये ‘केसरी’ सोडला, पुढच्या वर्षी ‘सुधारक’ काढला. १८९० मध्ये टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले. १८९५ मध्ये आगरकर ३९व्या वर्षी गेले. संस्थेच्या नियमांवरून कोणाचे चुकले, हा हिशेब मांडता येतो. मैत्री तुटल्याचे दुःख मात्र कोणत्याच बाजूच्या खात्यात बसत नाही.

दुसरे ठिकाण संमतिवयाच्या कायद्याचे. बंगालमध्ये फुलमणी नावाची कोवळी मुलगी पतीच्या संभोगाने मेली आणि १८९१ मध्ये सरकारने संमतिवय दहावरून बारा केले. टिळकांनी विरोध केला. मुलींची लग्ने सोळाव्या वर्षाआधी करू नयेत, असा स्वेच्छेचा प्रस्ताव त्यांनीच पूर्वी मांडला होता; परक्या सरकारने आमच्या घरात कायदा करू नये, हे त्यांचे म्हणणे. युक्तिवाद सुसंगत आहे. तरीही त्यात ती मुलगी कुठेतरी हरवते. आज हे चरित्र वाचणाऱ्याने तिला शोधलेच पाहिजे.

तिसरे ठिकाण घरातले. सत्यभामाबाईंचे लग्न १८७१ मध्ये झाले. १९०३ मध्ये थोरला मुलगा विश्वनाथ प्लेगने गेला. १९०८ मध्ये नवरा मंडालेला गेला, तो परत येण्याआधी, जून १९१२ मध्ये, त्या वारल्या. टिळकांना बातमी तुरुंगात कळली. मंडालेत पेन्सिलीने लिहिलेल्या ‘गीतारहस्या’ची कथा आपल्याला पाठ असते, पुण्यात वाट पाहणाऱ्या बाईंची ती चार वर्षे कशी गेली, हे आपण विचारतसुद्धा नाही.

शेवटचा मुद्दा राजकारणाचा. टिळक १ ऑगस्ट १९२० रोजी गेले आणि त्याच दिवशी गांधीजींचे असहकाराचे पर्व सुरू झाले. टिळक असते तर कोणत्या वाटेने गेले असते, हा वाद पेटला. केळकर प्रतियोगी सहकारितेच्या बाजूचे. ज्या वर्षी पहिला खंड आला, त्याच वर्षी ते मध्यवर्ती कायदेमंडळात निवडूनही गेले. म्हणजे गुरूच्या राजकारणाचा अर्थ सांगताना ते साक्षीदार होते आणि वादातले पक्षकारही. त्यांची साक्ष मोलाची आहे; निकाल मात्र वाचकाने आपला आपण द्यायचा.

म्हणून केळकरांचे खंड बाजूला ठेवावेत असे नाही. इतक्या जवळून पाहणारा चरित्रकार लोकमान्यांना पुन्हा मिळणे नाही. फक्त घरातल्या मुलांना टिळकांची गोष्ट सांगताना शेंगांच्या टरफलांपाशी थांबू नये. आगरकर, फुलमणी आणि सत्यभामाबाई यांनाही त्या गोष्टीत जागा द्यावी. त्याने लोकमान्य लहान होणार नाहीत. पगडीखालचा माणूस मुलांना दिसेल, एवढेच.