हाफकिन यांना झालेली शिक्षा

परळच्या संस्थेमुळे हाफकिन हे नाव मुंबईकरांच्या परिचयाचे आहे. ते ज्या माणसाचे नाव आहे त्याची हकीकत मात्र तितकीशी परिचयाची नाही. प्लेगची पहिली परिणामकारक लस त्याने याच शहरात सिद्ध केली, हे पुष्कळांना ठाऊक असते. त्या लशीच्या एका बाटलीपायी त्याला पाच वर्षे अपराध्यासारखे राहावे लागले, हे सहसा कोणी सांगत नाही.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी, तेव्हा रशियन साम्राज्यात असलेल्या ओडेसा शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. तेथील विद्यापीठात ते प्राणिशास्त्रज्ञ मेचनिकॉव्ह यांचे शिष्य होते. ज्यूंच्या वस्तीवर हल्ले झाले तेव्हा ते स्वसंरक्षण दलात सामील झाले आणि त्याबद्दल त्यांना अटकही झाली. धर्म बदलला असता तर अध्यापकाची जागा मिळण्याजोगी होती. ते त्यांनी नाकारले. १८८८ मध्ये त्यांनी देश सोडला. जिनिव्हामार्गे ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पोहोचले, आणि तेथे मिळाली ती सहायक ग्रंथपालाची जागा. पुस्तके सांभाळून उरलेल्या वेळात त्यांनी पटकीच्या जंतूंवर काम केले आणि १८ जुलै १८९२ रोजी तयार झालेली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली.

युरोपात या लशीविषयी अविश्वास होता. पटकीचे माहेरघर बंगाल, म्हणून १८९३ मध्ये ते हिंदुस्थानात आले. येथे त्यांनी जी पद्धत स्वीकारली ती त्यांच्या लशीइतकीच महत्त्वाची मानली पाहिजे. टोचणी स्वेच्छेची असेल, हा त्यांचा पहिला नियम. वस्तीतील लोक बिचकत तेव्हा आधी बरोबरचे देशी डॉक्टर सर्वांसमक्ष टोचून घेत. दुसरा नियम असा की, ज्यांनी टोचून घेतले त्यांची तुलना त्याच घरातील, त्याच विहिरीचे पाणी पिणाऱ्या, पण न टोचलेल्या माणसांशी करावयाची. कलकत्त्याच्या कट्टल बागान वस्तीत १८९४ च्या वसंतात सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली; पुढे तेथे पटकी आली ती न टोचलेल्यांनाच. एखादा उपाय लागू पडतो की साथ आपोआप ओसरली, याचा उलगडा अशा तुलनेवाचून होत नाही. हे आज सर्वमान्य आहे. त्या काळी ते नवे होते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग प्रकटला. ऑक्टोबरात हाफकिन भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात कामाला लागले. एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढाच सरंजाम. बकऱ्याच्या मांसाच्या अर्कावर तुपाचे थेंब सोडून त्याखाली जंतू वाढवावयाचे आणि मग उष्णतेने मारावयाचे, अशी त्यांची कृती. गाय किंवा डुक्कर यांच्या मांसाला येथील समाजाची हरकत असणार, हे ध्यानात घेऊनच बकऱ्याची निवड झाली होती. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी १० घन सेंटिमीटरची मोठी मात्रा स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. सुमारे निम्मे कैदी आपण होऊन लस घेण्यास पुढे आले. न टोचलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला व ६ दगावले. टोचलेल्यांपैकी २ आजारी पडले, दगावला एकही नाही. आगाखानांनी स्वतः सर्वांदेखत टोचून घेतल्यावर खोजा समाजातील हजारो माणसे रांगेत उभी राहिली. पुढच्या वर्षी बडोद्याजवळच्या उंढेरा गावी प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या माणसांना लस देण्यात आली. नंतर ज्या २८ कुटुंबांत प्लेग शिरला, त्यांतील ६४ न टोचलेल्यांपैकी २६ मेले. ७१ टोचलेल्यांपैकी ३.

तीन मेलेच, हेही विसरता कामा नये. लस म्हणजे अभयपत्र नव्हे, ती धोका कमी करते, ही गोष्ट हाफकिन यांनी कधी लपविली नाही. टोचल्यावर दोन दिवस ताप येई आणि रोजंदारीच्या मजुराची तेवढी मजुरी बुडे, ही किंमतही लहान नव्हती. शिवाय रोगाचे मूळ घरांतच होते. धान्याच्या वखारी, त्यांतील उंदीर आणि त्यांना लागून दाटीवाटीच्या चाळी. उंदरांवरच्या पिसवा प्लेग पसरवितात हे सिमाँ यांनी १८९८ मध्येच मांडले होते. १९०५ नंतर परळच्याच प्रयोगशाळेत त्याची खातरजमा झाली.

याच सुमारास सरकार काय करीत होते, ते महाराष्ट्राला नव्याने सांगावयास नको. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला (तो २०२० मध्ये करोनाच्या साथीतही लागू करण्यात आला होता). पुण्यात गोरे सैनिक घरांत घुसले, माणसे छावण्यांत नेण्यात आली, सामान जाळण्यात आले. २२ जूनच्या रात्री रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच पुण्यात रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले १० मार्चला प्लेगनेच निवर्तल्या होत्या. दंडुक्याने जे साधले नाही ते तुरुंगातल्या कैद्याला नुसते विचारून साधले होते. पण या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहण्याची बुद्धी राज्यकर्त्यांना झाली नाही.

१८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. पंजाबात लाखो लोकांना टोचण्याचा बेत ठरला. तेवढी लस पुरविण्यासाठी हाफकिन यांनी कार्बॉलिक आम्ल मिसळण्याचे सोडून केवळ उष्णतेने निर्जंतुक करण्याची, पाश्चर संस्थेत रूढ असलेली पद्धत घेतली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी आता पाकिस्तानात असलेल्या मुल्कोवाल गावी १०७ जणांना टोचण्यात आले. त्यांतील १९ जण धनुर्वाताने मेले. हे सारे ५३ एन या एकाच बाटलीतील लस घेतलेले. उरलेल्या ८८ जणांना काहीही झाले नाही.

चौकशी आयोगाने दोष परळच्या प्रयोगशाळेच्या माथी मारला. हाफकिन यांना कामावरून दूर करण्यात आले आणि १९०४ मध्ये ते देश सोडून गेले. वस्तुतः बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा तेथील मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता, हे साक्षीत आलेच होते. बाटली ४१ दिवसांपूर्वी भरलेली. धनुर्वाताचे जंतू तेव्हाच शिरले असते तर लशीला दुर्गंधी सुटली असती, आणि तशी ती नव्हती. हे सारे कागदपत्रांत असूनही बाहेर येण्यास पाच वर्षे लागली. परका, ज्यू, रशियन, आणि लष्करी वैद्यकीय सेवेतला नव्हे. या माणसाची बाजू घेण्याची निकड सिमल्यात कोणाला वाटावी? अखेर मलेरिया आणि डास यांचा संबंध सिद्ध करणारे रोनाल्ड रॉस यांनी लंडनच्या टाइम्समध्ये लिहिले, आणि जुलै १९०७ मध्ये दहा जंतुशास्त्रज्ञांनी त्याच पत्रात सह्यांनिशी हाफकिन यांना निर्दोष ठरविले. नोव्हेंबरात सरकारने त्यांना पुन्हा नोकरी देऊ केली.

पण परळ त्यांना परत मिळाले नाही. कलकत्त्यात एक लहानशी प्रयोगशाळा देण्यात आली. तेथे त्यांनी पटकीची सुधारलेली लस तयार केली, तर ती माणसांवर वापरून पाहण्यास परवानगी नाही. पहिले महायुद्ध सुरू होता होता ते निवृत्त होऊन युरोपात परतले. प्लेगने तोवर हिंदुस्थानातील लक्षावधी माणसे नेली होती, आणि मुल्कोवालनंतर टोचणीला नकार देणाऱ्यांतील किती जण त्यात होते, याची मोजदाद कोणी ठेवली नाही. १९२५ मध्ये मुंबई सरकारने परळच्या संस्थेला त्यांचे नाव दिले. हाफकिन त्या वेळी पॅरिसजवळ एकटेच राहत होते. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे ते वारले.