कॉलिन चॅपमन आणि मोटारीचा सांगाडा

वऱ्हाडातील शंकरपट ज्यांनी पाहिला आहे त्यांस ठाऊकच असेल की, पटाचा छकडा शेतातील बैलगाडीसारखा जड नसतो. त्यात अनावश्यक असे एक लाकूडही ठेवीत नाहीत. मात्र जे असते त्याचे सांधे घट्ट असावे लागतात, कारण खिळखिळा छकडा भर वेगात धुरकऱ्याच्या हाती राहत नाही. हलकेपणा आणि ताठपणा यांचा असा मेळ घालणे दिसते तितके सोपे नव्हे. मोटारगाडीच्या बाबतीत याच एका गोष्टीच्या मागे ज्याने आपले आयुष्य वेचले, त्या कॉलिन चॅपमन या इंग्रज अभियंत्याचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

अँथनी कॉलिन ब्रूस चॅपमन याचा जन्म १९ मे १९२८ रोजी लंडनजवळील रिचमंड येथे झाला. त्याचे वडील उत्तर लंडनमधील हॉर्न्सी येथे एक हॉटेल चालवीत. युनिव्हर्सिटी कॉलेजात त्याने इमारती व पूल यांच्या बांधणीचे शास्त्र अभ्यासले, आणि विद्यार्थिदशेतच विद्यापीठाच्या हवाई पथकात तो विमान चालविण्यास शिकला. थोडक्या सामग्रीत पुष्कळ भार कसा पेलावा, हे पूल शिकवितो. आणि वजनाचा शेरभरही कसा महाग पडतो, हे विमान शिकविते. चॅपमनच्या पुढील सर्व कर्तृत्वाचे मूळ आम्हांस या जोडशिक्षणात दिसते. अभ्यासाच्या जोडीला तो जुन्या मोटारी घेण्याविकण्याचा धंदाही करी. १९४७ साली सरकारने खासगी गाड्यांचा पेट्रोलचा शिधा बंद केला, तेव्हा त्या बाजारात मंदी आली आणि अखेर त्याच्यापाशी एक जुनी ऑस्टिन सेव्हन तेवढी उरली. हेझल विल्यम्स या तरुणीच्या आईबापांच्या घरामागील गॅरेजमध्ये त्याने ती उकलली आणि १९४८ साली तिची शर्यतीची गाडी केली. पुढे हेझल त्याची पत्नी झाली. या गाडीस त्याने लोटस, म्हणजे कमळ, हे नाव दिले. ते का दिले, हे त्याने कोणास कळू दिले नाही.

ऑस्टिनचा सांगाडा, ज्यास कारखान्यात चॅसिस म्हणतात, तो तीन बाजूंनी मिटलेल्या व एका बाजूने उघड्या अशा पोलादी पन्हळींचा होता. चॅपमनने ती उघडी बाजू बंद करून पन्हळीची पेटी बनविली आणि वर प्लायवुडचे ताठ पडदे बसविले. याने काय साधले, हे पाहण्यास विद्यार्थ्यांनी बुटांचे पुठ्ठ्याचे खोके घ्यावे. झाकण काढून त्याची दोन टोके उलटसुलट पिळली की ते सहज वाकडे होते. तेच झाकण चिकटपट्टीने पक्के बसवून पुन्हा पिळून पाहावे. पुठ्ठा तोच, पण आता तो हाताला दाद देत नाही.

मोटारीत या पिळाचे महत्त्व असे. वळणावर गाडी बाहेरच्या अंगास कलते. तो कल पुढच्या स्प्रिंगांनी किती सोसावा आणि मागच्यांनी किती, हे अभियंता ठरवितो. आणि गाडीचे नाक वळणाबाहेर जाणार की शेपूट घसरणार, हे बरेचसे त्यावरच अवलंबून असते. परंतु पुढच्या व मागच्या चाकांमधील दुवा हा सांगाडाच होय. तोच ओल्या पंचाप्रमाणे पिळवटू लागला तर तो जणू पाचवी स्प्रिंग होऊन बसतो, आणि अभियंत्याने केलेली वाटणी चाकांपर्यंत पोहोचतच नाही. म्हणून ताठ सांगाडा टायरांना नवी पकड देत नाही. स्प्रिंगांना आपले काम करू देतो, इतकेच. आणि एकदा तो स्प्रिंगांच्या मानाने कित्येक पट ताठ झाला, की त्यावर आणखी लोखंड चढविणे म्हणजे नुसते ओझे वाढविणे होय.

१९५२ साली हेझलने दिलेल्या २५ पौंडांच्या बळावर चॅपमनने वडिलांच्या हॉटेलामागील तबेल्यात लोटस कंपनी सुरू केली. त्याच्या मार्क सहा या गाडीचा सांगाडा बारीक नळ्यांच्या त्रिकोणांचा होता, आणि नुसत्या सांगाड्याचे वजन अवघे २५ किलो भरे. पुढे १९५७ साली एलीट ही गाडी आली. तीत वेगळा सांगाडाच नव्हता. काचतंतूंचे सबंध अंगच भार पेलीत असे. गाडी देखणी होती, पण कंपनीस तिच्यात खोट बसली.

नंतरची गोष्ट आम्हांस सर्वांत मनोरंजक वाटते. एलान ही नवी गाडी उघडी, बिनछपराची करावयाची होती. आणि छप्पर काढले की गाडी झाकण काढलेल्या खोक्यासारखी लुळी पडते. रॉन हिकमन व इतर सहकारी काचतंतूंच्या अंगास ताठपणा आणण्याच्या खटपटीत असताना, नव्या स्प्रिंगा तपासून पाहता याव्यात म्हणून चॅपमनने पोलादी पत्र्याचा एक तात्पुरता सांगाडा रचला. मध्ये कण्यासारखी एक बंद पेटी आणि दोन्ही टोकांस फाटे, एवढेच त्याचे रूप. हा कामचलाऊ कणाच इतका ताठ निघाला की १९६२ साली एलान त्याच्यावरच बाजारात आली. सांगाडा पिळवटत नसल्यामुळे तिच्या स्प्रिंगा मऊ ठेवता आल्या. खडबडीत रस्त्यावरही तिची चाके जमीन सोडीत नसत.

याच कण्याच्या दोन भिंती दूर सारून चालकास मधोमध बसविले तर? या विचारातून त्याच वर्षी लोटस २५ ही शर्यतीची गाडी जन्मली. ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या दोन लांब पेट्या, त्यांत पेट्रोल, आणि मध्ये जवळजवळ उताणा निजलेला चालक. ही कल्पना एकट्या चॅपमनची असे नव्हे. इटलीच्या विन्चेंझो लान्चिया याने १९२२ सालीच सांगाडा व अंग एक करून दाखविले होते. परंतु ग्रां प्री शर्यतींत तिने क्रांती केली ती चॅपमनच्या हातून. ही गाडी नळ्यांच्या गाडीपेक्षा हलकी असून सुमारे तिप्पट ताठ होती असे सांगतात. १९६३ साली जिम क्लार्क याने तिच्यातून जगज्जेतेपद मिळविले. १९६७ च्या लोटस ४९ मध्ये तर इंजिनासच सांगाड्याचा मागील भाग बनविले.

आमच्या पालकवर्गापैकी कोणी आपल्या मोटारीस बाजारात मिळणाऱ्या ताठपणाच्या कांबी बसविण्याच्या विचारात असल्यास, त्यांनी प्रथम गाडीचे छप्पर पाहावे. जुन्या वा बिनछपराच्या गाडीस योग्य जागी दिलेला आधार खरोखर उपकारक होतो. परंतु आजची छपराची, सबंध जोडलेली पोलादी गाडी मुळातच पुष्कळ ताठ असते. तिच्या बॉनेटखाली आडवी कांब टाकून फरक पडला तरी तो थोडा. अमरावती व अकोला यांच्या दरम्यान २०२२ साली ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तासांत घालण्याचा जागतिक विक्रम झाला. अशा सपाट रस्त्यावर सरळ जाताना तो फरक जाणवणे कठीणच. एक चाक खड्ड्यात आणि दुसरे वर, असे वळणावर झाले म्हणजे मात्र सांगाड्याची परीक्षा होते.

चॅपमनच्या हलकेपणाच्या ध्यासास दुसरी बाजूही आहे, आणि ती झाकून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही. १९६० साली बेल्जममधील स्पा येथे सरावात त्याच्या गाडीचे चाक निखळून स्टर्लिंग मॉस याचे दोन्ही पाय मोडले. त्याच दिवशी दुसऱ्या एका लोटसचा स्टिअरिंगचा दांडा तुटला. १९७० साली माँत्सा येथे योखेन रिंट प्राणास मुकला. त्याच्या गाडीच्या पुढच्या ब्रेकचा दांडा तुटल्याचे आढळले. रस्त्याकडेचा कठडाही सदोष होता. त्या वर्षीचे जगज्जेतेपद रिंटला मरणोत्तर मिळाले. ताठपणा व बळकटी या दोन भिन्न गोष्टी आहेत; न पिळवटणारी गाडी तुटू शकते. चॅपमनला हे कळत नव्हते असे म्हणवत नाही. पण वजन कमी करताना धोका कोण पत्करतो, चित्र काढणारा की आत बसणारा, या प्रश्नाकडे त्याने पुरेसे पाहिले नाही, असे आमचे मत आहे.

त्याच्या हयातीत लोटसने कारखानदारांचे जगज्जेतेपद सात वेळा जिंकले. त्यांतील अखेरचे १९७८ सालचे. डिलोरियन नामक मोटारीच्या आखणीचे काम त्याच सुमारास लोटसकडे आले. त्या कामी आलेल्या पैशाचा मोठा भाग गडप झाला, आणि चौकशीचे ढग जमत असतानाच १६ डिसेंबर १९८२ रोजी हृदयविकाराने चॅपमनचे निधन झाले. वय अवघे ५४. कंपनीचा अर्थव्यवहार पाहणारा त्याचा सहकारी या प्रकरणी १९९२ साली तुरुंगात गेला.

चॅपमनच्या मृत्यूनंतर १९९६ साली त्याच्या कंपनीने एलीस ही छोटी उघडी गाडी काढली व ती २०२१ पर्यंत बनविली. तिचा सांगाडा ॲल्युमिनियमच्या पोकळ पट्ट्या एकमेकींस चिकटवून केलेला होता, आणि त्याचे वजन होते सुमारे ६८ किलो.