विटांच्या मंदिरांचा वाचक : डेव्हिड मॅककचन

जादवपूर विद्यापीठाच्या तुलनात्मक साहित्य विभागाचा विषय निघाला की बुद्धदेव बसू आणि सुधींद्रनाथ दत्त ही नावे साहित्याच्या अभ्यासकांना प्रथम आठवतात. त्याच विभागात सुमारे बारा वर्षे अध्यापन करणाऱ्या डेव्हिड मॅककचन यांचे नाव मात्र कलेतिहासाच्या ग्रंथांत शोधावे लागते. बंगालमधील विटांच्या मंदिरांची त्यांनी घेतलेली हजारो कृष्णधवल छायाचित्रे ही त्या स्थापत्याच्या अभ्यासाची एक मुख्य आधारसामग्री होय. ती एका साहित्याच्या प्राध्यापकाने घेतली, ही गोष्ट बहुधा चरित्रातील एक नवलाचा तपशील म्हणून सांगितली जाते. वस्तुतः त्या छायाचित्रांचे स्वरूप समजून घेण्याची किल्लीच या तपशिलात आहे.

मॅककचन यांचा जन्म १२ ऑगस्ट १९३० रोजी इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे झाला. ते दहा वर्षांचे असताना, नोव्हेंबर १९४० मध्ये, जर्मन विमानांच्या बाँबवर्षावात त्या शहरातील मध्ययुगीन कॅथीड्रल एका रात्रीत उद्ध्वस्त झाले. या योगायोगाला फार अर्थ चिकटवू नये. परंतु ढासळत्या वास्तूंच्या मागे पुढे आयुष्य वेचणाऱ्या माणसाच्या चरित्रात तो नजरेआड करणेही कठीण आहे. केंब्रिजच्या जीझस कॉलेजात त्यांनी फ्रेंच व जर्मन या आधुनिक भाषांचे अध्ययन केले. १९५७ मध्ये ते शांतिनिकेतनात अध्यापनासाठी आले आणि १९६० मध्ये कलकत्त्यास जादवपूरच्या विभागात रुजू झाले. पुढे ते तेथेच प्रपाठक झाले. भारतीयांच्या इंग्रजी लेखनावरील त्यांचा समीक्षालेखांचा संग्रह १९६९ मध्ये पी. लाल यांच्या रायटर्स वर्कशॉपने प्रसिद्ध केला. त्या विषयावरील गंभीर समीक्षेच्या आरंभीच्या पुस्तकांत त्याची गणना होते.

मंदिरांकडे ते वळले ते सत्यजित राय यांच्या सहवासात. रायांच्या चित्रपटांची इंग्रजी उपशीर्षके तयार करण्यात मॅककचन यांचे साहाय्य असे. १९६२ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘अभियान’चे चित्रीकरण बीरभूम जिल्ह्यात चालू असताना ते रायांबरोबर तेथे गेले होते, आणि त्या भागातील टेराकोटा मंदिरांनी त्यांचे लक्ष वेधले. त्यानंतरच्या दहा वर्षांत सुट्टीचा जवळजवळ प्रत्येक दिवस या कामी लागला. रेल्वे, बस, सायकल, आणि जेथे रस्ताच संपतो तेथे पायी, अशा रीतीने बांकुडा, मेदिनीपूर, हुगळी, वर्धमान, बीरभूम येथील खेडी त्यांनी धुंडाळली. सीमेपलीकडील पूर्व बंगालचाही त्यांच्या अभ्यासात समावेश झाला.

काळ्या पाषाणाच्या हेमाडपंती देवळांची सवय असलेल्या मराठी वाचकाला या मंदिरांचे वेगळेपण प्रथम भौतिकच वाटेल. गाळाच्या त्या सपाट प्रदेशात दगड दुर्मिळ, म्हणून देऊळ विटांचे आणि शिल्प भाजलेल्या मातीच्या फलकांचे. छताचा आकार बांबू-गवताच्या झोपडीवरून उचललेला, त्यामुळे वळचण सरळ न राहता धनुष्याप्रमाणे वाकते. या झोपडीवजा छतांना ‘चाला’ म्हणतात. दोन उतारांचे दोचाला, चार उतारांचे चारचाला, त्यावर तसेच लहान छत चढविले की आटचाला. शिखरे असलेल्या प्रकारास ‘रत्न’ अशी संज्ञा आहे. १८५५ मध्ये उभे राहिलेले दक्षिणेश्वरचे कालीमंदिर हे नवरत्न प्रकाराचे सर्वपरिचित उदाहरण. मराठीत प्रशस्त घराला वापरला जाणारा ‘बंगला’ हा शब्द मुळात याच प्रदेशातील साध्या झोपडीचा आहे, हे ध्यानात घेतले की शब्द आणि छत या दोहोंनी केलेला प्रवास सारखाच मनोरंजक वाटतो.

मराठी वाचकाचा या भूमीशी आणखी एक, तितकासा सुखद नसलेला, संबंध आहे. १७४२ पासून सुमारे दहा वर्षे नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी पश्चिम बंगाल लुटला. बारगीर या शब्दापासून झालेला ‘बर्गी’ हा शब्द तेथील अंगाईगीतांत भीतीचे नाव होऊन राहिला. बिष्णुपूरचा मदनमोहन स्वतः तोफ डागून भास्करपंतांच्या सैन्याला परतवून लावतो, ही आख्यायिका तेथे अजूनही सांगितली जाते. त्या मदनमोहनाचे १६९४ चे मंदिर, श्यामरायाचे १६४३ चे पंचरत्न मंदिर आणि १६५५ चे जोडबांगला ही बिष्णुपूरची मंदिरे मॅककचन यांच्या अभ्यासाचा गाभा होत. बांकुडा जिल्ह्यातील मंदिरांवरील त्यांचे छोटे पुस्तक १९६७ मध्ये निघाले.

कृष्णधवल छायाचित्रात या मंदिरांचा तांबूस रंग हरवतो, ही हानी लहान नाही. पण भाजलेल्या मातीचा उठाव फार उथळ असतो. समोरून पडलेल्या उन्हात रामरावणाचे युद्ध, कृष्णलीला, शिकार, नावा, टोपीवाले बंदूकधारी फिरंगी हे सारे एकाच लालसर पृष्ठभागात विरघळून जाते. ऊन तिरपे झाले की प्रत्येक आकृतीच्या कडेला छायेची रेघ उमटते आणि भिंत वाचता येऊ लागते. रंग वजा झाल्यावर उरते ती केवळ प्रकाश आणि सावली यांची भाषा, आणि उठावशिल्पाला तीच पुरेशी आहे. मॅककचन यांच्या छायाचित्रांत नाट्यमय आकाश नाही, धुके नाही, भग्नतेचा हळवा सोहळाही नाही. दर्शनी भाग पुरता मावेल, वळचणीची वक्रता सरळ दिसेल, फलकांच्या ओळी मोजता येतील, एवढीच त्यांची अट दिसते. त्यांतील सौंदर्य या संयमातून आलेले आहे. एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याच्या बोर्न अँड शेफर्डसारख्या पेढ्यांनी भारतीय वास्तूंची जी देखणी चित्रे विकली, त्यांच्याहून ही वाट निराळी आहे. तेथे वास्तू प्रेक्षणीय स्थळ होती, येथे ती संहिता आहे.

संहिता म्हटल्यावर पाठभेद आलेच. शेकडो मंदिरांची छायाचित्रे सारख्या पद्धतीने घेतली गेल्यामुळे ती शेजारी ठेवून ताडून पाहता येऊ लागली, आणि साहित्याभ्यासकाची तुलनेची शिस्त येथे फळास आली. या वर्गीकरणातून निघालेला एक निष्कर्ष महत्त्वाचा आहे. घुमट, कमानी आणि टेराकोटाने मढविलेली दर्शनी भिंत यांचा वारसा या मंदिरांना गौड व पांडुआ येथील सुलतानकालीन मशिदी-मकबऱ्यांकडून मिळाला, असे त्यांनी दाखविले. पांडुआच्या एकलाखी मकबऱ्याची किंचित वाकलेली वळचण पाहिली की हा मुद्दा युक्तिवादाविना पटतो. बांधणाऱ्यांची जात, त्यांचा व्यापार व प्रतिष्ठेची आकांक्षा या अंगाचा शोध हितेशरंजन सान्याल यांनी अधिक खोलवर घेतला; मॅककचन यांची दृष्टी आकारावर खिळलेली होती, हे मान्य करावे लागते. मात्र तो आकार त्या वेळी झपाट्याने नाहीसा होत होता. पिंपळाची मुळे विटांच्या सांध्यांत शिरत होती, फलक उपटून विकले जात होते, आणि भाविकांचा जीर्णोद्धार अनेकदा सिमेंटच्या गिलाव्याखाली सारी भिंत पुसून टाकत होता. यांपैकी शेवटचा प्रकार श्रद्धेतूनच घडतो, त्यामुळे त्याला आवर घालणे अधिक अवघड.

१२ जानेवारी १९७२ रोजी, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, मॅककचन यांचे कलकत्त्यात पोलिओने निधन झाले. भवानीपूरच्या दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली. बंगालच्या उत्तरमध्ययुगीन मंदिरांचा उगम व वर्गीकरण यांवरील त्यांचा प्रबंध एशियाटिक सोसायटीने त्याच वर्षी प्रसिद्ध केला. पटुआंच्या चित्रपटांवरील त्यांचे काम सुहृदकुमार भौमिक यांच्या सहलेखनासह १९९९ मध्ये ग्रंथरूपाने आले. छायाचित्रांचा संग्रह लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात गेला आणि त्यातून जॉर्ज मिचेल यांनी संपादिलेला बृहद्ग्रंथ १९८३ मध्ये प्रिन्स्टनहून निघाला. त्यात छापलेल्या काही मंदिरांचे आज जोतेच तेवढे उरले आहे. ज्यांची शिखरे छायाचित्र घेण्यापूर्वीच कोसळली होती, अशीही त्यात आहेत. दिनाजपूरजवळचे कांतनगरचे नवरत्न मंदिर त्यांपैकी एक. १८९७ च्या भूकंपात त्याची नऊही शिखरे गेली, आणि त्याखालच्या तिन्ही मजल्यांवरील मातीचे फलक मात्र आपापल्या जागी राहिले.