सुब्रतो मुखर्जी
एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी (५ मार्च १९११ – ८ नोव्हेंबर १९६०) हे भारतीय हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख होते. क्रॅनवेल येथे प्रशिक्षण घेतलेल्या पहिल्या भारतीय तुकडीतील ते एक वैमानिक. त्या तुकडीतून दलाच्या सर्वोच्च पदापर्यंत केवळ तेच पोहोचले.

बालपण व कुटुंब
मुखर्जी यांचा जन्म कोलकाता येथे झाला. वडील सतीशचंद्र हे भारतीय सनदी सेवेत अधिकारी होते, तर आई चारुलता या उच्चशिक्षित होत्या. संविधान सभेच्या सदस्य रेणुका राय या त्यांच्या भगिनी होत. चार भावंडांत सुब्रतो सर्वांत धाकटे होते.

प्रशिक्षण
लष्करातील अधिकारपदे भारतीयांना खुली करण्याच्या प्रश्नावर नेमलेल्या स्कीन समितीने, भारतीय तरुणांना क्रॅनवेलच्या ब्रिटिश हवाई दल महाविद्यालयात प्रवेश द्यावा, अशी शिफारस केली होती. त्यानुसार १९३० मध्ये सहा तरुण निवडले गेले. दोन वर्षांच्या या शिक्षणक्रमात विमान उडवण्याबरोबरच सैनिकी शिस्त व अधिकाऱ्याची कर्तव्ये यांचेही शिक्षण दिले जाई. सहांपैकी पाच जण वैमानिक झाले. टंडन यांना साहित्यपुरवठ्याचे काम देण्यात आले.

८ ऑक्टोबर १९३२ रोजी भारतीय हवाई दलाची स्थापना झाली आणि मुखर्जी, हरिश्चंद्र सरकार, भूपेंद्रसिंग, अमरजितसिंग व अवान हे पाच वैमानिक दलात अधिकारी म्हणून रुजू झाले. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळील ड्रिग रोड येथे चार वापिती विमानांनिशी पहिली स्क्वॉड्रन उभी राहिली. जमिनीवरील तांत्रिक कामे करणाऱ्यांना तेव्हा ‘हवाई शिपाई’ म्हणत.

वैमानिकाच्या प्रशिक्षणाची खरी किंमत लवकरच दिसून आली. १९३३ मध्येच भूपेंद्रसिंग व अमरजितसिंग यांचा विमान अपघातात मृत्यू झाला. सरकार व अवान हेही पुढे दलातून बाहेर पडले. अशा प्रकारे पहिल्या पाच वैमानिकांपैकी एकटे मुखर्जी दलात उरले. भारतीय वैमानिक हे काम पेलू शकतील का, अशी शंका घेतली जात असलेल्या त्या काळात त्यांनी दलात टिकून राहण्याला विशेष महत्त्व होते.

सेवा
स्क्वॉड्रनचे प्रारंभीचे कार्य मुख्यतः वायव्य सरहद्द प्रांतात, डोंगराळ मुलखातील भूदलाला साहाय्य करण्याचे होते. १९४१ पर्यंत दलात ही एकच स्क्वॉड्रन होती, त्यामुळे बढतीची संधी मर्यादित राहिली. १९३९ मध्ये मुखर्जी या स्क्वॉड्रनचे प्रमुख झाले. स्क्वॉड्रनचे नेतृत्व करणारे ते पहिले भारतीय होत. १९४३ मध्ये कोहाट येथील हवाई तळाचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. हवाई तळाचे प्रमुख झालेलेही तेच पहिले भारतीय.

स्वातंत्र्यानंतरही दलाचे प्रमुखपद काही वर्षे ब्रिटिश अधिकाऱ्यांकडेच होते. एल्महर्स्ट, आयव्हलॉ-चॅपमन व गिब्ज हे क्रमाने प्रमुख झाले. मुखर्जी यांनी या काळात उपप्रमुख म्हणून काम केले. १ एप्रिल १९५४ रोजी त्यांनी सूत्रे हाती घेतली, तेव्हा पहिल्या स्क्वॉड्रनच्या स्थापनेला २१ वर्षे पूर्ण झाली होती. त्यांच्या कार्यकाळात मिस्तेर, हंटर व कॅनबेरा ही जेट विमाने दलात दाखल झाली. त्यांच्यासाठी वैमानिकांना व तंत्रज्ञांना नव्याने शिक्षण देणे आवश्यक ठरले.

विवाह
१९३९ मध्ये त्यांचा विवाह शारदा पंडित यांच्याशी झाला. शारदाबाई मराठी कुटुंबातील असून रणजित सीताराम पंडित यांच्या पुतणी होत. पतीच्या निधनानंतर त्या रत्नागिरी मतदारसंघातून १९६२ व १९६७ मध्ये लोकसभेवर निवडून आल्या. पुढे त्यांनी आंध्र प्रदेश व गुजरात या राज्यांचे राज्यपालपद भूषविले.

निधन व स्मृती
एअर इंडियाच्या टोकियो विमानसेवेच्या शुभारंभानिमित्त मुखर्जी जपानला गेले होते. ८ नोव्हेंबर १९६० रोजी टोकियोत भोजन करताना श्वासनलिकेत घास अडकून त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते ४९ वर्षांचे होते व प्रमुखपदावर कार्यरत होते. त्यांच्यानंतर अस्पी इंजिनियर हवाई दलप्रमुख झाले. शालेय विद्यार्थ्यांसाठी १९६० मध्ये सुरू झालेली सुब्रतो चषक फुटबॉल स्पर्धा त्यांच्या नावाने ओळखली जाते.