इझाबेला बर्ड

इझाबेला लुसी बर्ड (१५ ऑक्टोबर १८३१ – ७ ऑक्टोबर १९०४) या इंग्लिश प्रवासी व लेखिका होत्या. पाठीच्या कण्याचा जुनाट विकार, निद्रानाश आणि नैराश्य यांनी त्यांना दीर्घकाळ ग्रासले होते. तरीही त्यांनी हवाई बेटे, रॉकी पर्वत, जपान, लडाख व मोरोक्को येथे घोड्यावरून दूरवर प्रवास केला. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने १८९२ मध्ये निवडलेल्या पहिल्या महिला सदस्यांत त्यांचा समावेश होता.

बालपण व आजार

इझाबेला यांचा जन्म यॉर्कशायरमधील बरोब्रिज येथे झाला. त्यांचे वडील एडवर्ड बर्ड हे धर्मोपदेशक होते. त्यापूर्वी त्यांनी कोलकात्यात वकिली केली होती. वडिलांबरोबर घोड्यावरून फिरताना परिसराचे बारकाईने निरीक्षण करण्याची सवय इझाबेला यांना लहानपणीच लागली. १८५० मध्ये कण्याजवळील गाठ शस्त्रक्रियेने काढण्यात आली, परंतु वेदना थांबल्या नाहीत. वैद्यकीय सल्ल्यानुसार १८५४ मध्ये त्या समुद्रमार्गे अमेरिकेला गेल्या. मायदेशी मात्र अनेकदा त्यांचा बराच वेळ अंथरुणावरच जात असे.

हवाई बेटांवरील घोडेस्वारी

१८७२ मध्ये प्रकृतिस्वास्थ्यासाठी त्या ऑस्ट्रेलियाला गेल्या आणि पुढील वर्षाच्या आरंभी हवाई बेटांवर पोहोचल्या. त्या काळी इंग्लंडमधील प्रतिष्ठित स्त्रिया दोन्ही पाय घोड्याच्या एकाच बाजूला ठेवून बसत. या बैठकीत तोंड पुढे ठेवण्यासाठी कंबर व कणा सतत वळवून धरावा लागतो. इझाबेला यांना त्यामुळे असह्य पाठदुखी होत असे. हवाईतील स्त्रिया मात्र पुरुषांप्रमाणे मांड टाकून बसत. हिलो येथे मिळालेल्या सल्ल्यानुसार इझाबेला यांनी तीच पद्धत स्वीकारली आणि मेक्सिकन खोगिरावरून किलाउआ ज्वालामुखीपर्यंत मजल मारली. शरीराचा भार दोन्ही बाजूंना सारखा पडल्याने वेदना कमी झाल्या. पुढे त्यांनी १३,००० फुटांहून उंच असलेल्या मौना लोआ पर्वताचीही चढाई केली.

रॉकी पर्वत

१८७३ च्या शरद ऋतूत त्या कोलोरॅडोत आल्या. 'बर्डी' नावाच्या घोडीवरून त्यांनी हिमवर्षावात एकटीने शेकडो मैलांचा प्रवास केला, एस्टेस पार्क येथे गुरे वळण्यास मदत केली आणि लाँग्स पीक हे शिखर सर केले. वस्ती जवळ आली की लोकलज्जेस्तव त्या बैठक बदलून एका बाजूला पाय घेत. बहीण हेन्रिएटा यांना लिहिलेल्या पत्रांवर आधारित त्यांचे प्रवासवर्णन १८७९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. त्यांनी पुरुषी वेश केल्याचे 'द टाइम्स'ने लिहिताच त्या संतापल्या आणि आपला पोशाख स्त्रियांचाच असल्याचा खुलासा त्यांनी पुढील आवृत्तीत केला.

उत्तरायुष्य

१८८० मध्ये हेन्रिएटा यांचे निधन झाले. १८८१ मध्ये इझाबेला यांनी डॉ. जॉन बिशप यांच्याशी विवाह केला. १८८६ मध्ये तेही निवर्तले. १८८९ मध्ये त्या भारतात आल्या. पतीच्या स्मरणार्थ काश्मीरमध्ये आणि बहिणीच्या स्मरणार्थ पंजाबात त्यांनी रुग्णालयांसाठी साहाय्य केले. त्याच प्रवासात त्या घोड्यावरून लडाखला गेल्या. १८९० च्या कडाक्याच्या हिवाळ्यात त्यांनी खेचरावरून बगदाद ते तेहरान हा मार्ग पार केला. १९०१ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर, त्या मोरोक्कोत घोड्यावरून हिंडल्या. घोड्यावर चढण्यासाठी तेव्हा त्यांना शिडी लागे.

आजाराविषयी मतभेद

घरी रुग्णशय्येवर असलेली स्त्री परदेशात दिवसदिवस घोड्यावर कशी बसू शकते, असा प्रश्न समकालीनांना पडे. काहींना या आजाराचे मूळ शरीरापेक्षा मनात असावे असे वाटे. तथापि शस्त्रक्रिया झाली होती आणि प्रवासातील पाठदुखीच्या नोंदी त्यांच्या पत्रांत व ग्रंथांत आढळतात. घोडेस्वारीने त्यांचा आजार बरा झाला नाही. मात्र सोयीची बैठक, मोकळी हवा आणि आपल्या मर्जीने ठरवलेला वेग यांमुळे तो सहन करणे शक्य झाले. त्यांचे निधन एडिंबरो येथे झाले.